कपाटातली साक्री

माझ्या पर्समध्ये किल्ल्या, बाम, बडीशेपेची डबी आणि एक बिनवायरचा प्लग असतो. इंटरनेटच्या वायरीच्या टोकाला जो पारदर्शक प्लग असतो ना, तोच. फक्त याच्या मागून वायर बाहेर येत नाही. आतल्या आत दोन इवल्याशा तांब्याच्या तारा वळून परत त्याच प्लगात शिरलेल्या आहेत, पहिली पिन चौथीला आणि दुसरी पाचवीला. एकदा विमानतळावर तपासणीवाल्या मुलीने तो चिमटीत धरून विचारलं, की हे कशाला जोडतात. मी म्हटलं, कशालाच नाही, ते आपलं आपल्यालाच जोडलेलं असतं. तिने मला बाजूला उभं केलं.

या अंकाच्या संपादकताईंनी मला ‘तंत्रज्ञानातली स्त्री’ यावर काहीतरी प्रेरणादायी लिहायला सांगितलंय. प्रेरणा माझ्याकडे नाही, आधीच सांगून ठेवते. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या बँकांची नि कचेऱ्यांची नेटवर्कची मशीनं दुरुस्त करत मी निम्मं आयुष्य एसटीत काढलं. माहेर असोद्याचं, सासर जळगावचं, आणि जीभ असोद्याचीच राहिली. सासूबाई म्हणायच्या, हिला नवऱ्यापेक्षा ड्रायव्हर-कंडक्टर जास्त ओळखतात. खरंच होतं ते. तर प्रेरणा राहू दे, मी लूपची गोष्ट सांगते.

पण आधी धंदा समजून घ्या, नाहीतर गंमत कळायची नाही. फायबर गावोगाव पोचण्याआधीची ही गोष्ट. बँकेची शाखा दुसऱ्या शाखेशी बोलायची म्हणजे मध्ये टेलिफोन कंपनीची खास लाइन लागायची. शाखेत एक मशीन, मशीनच्या पाठीत एक कार्ड, आणि कार्डाच्या भोकात लाइनचं टोक. बोलणं बंद पडलं की भांडण सुरू. लाइनवाले म्हणणार कार्ड मेलंय, कार्डवाले म्हणणार लाइन मेलीय. मी कार्डवाल्यांची माणूस. लाइन चालू असेल तर कार्ड कोणीही तपासेल हो, लावलं की कळलं. लाइन नसताना कार्ड जिवंत आहे का ते सांगायचं, हे माझं काम.

त्याचे दोन मार्ग. पहिला हा प्लग. याला आम्ही लूप म्हणतो. तो कार्डात बसवला की कार्ड जे बोलेल ते वळून त्याच्याच कानात येतं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू आला, की तोंड शाबूत, कान शाबूत. मग हिरवा दिवा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे दोन मशीनं एकाच खोलीत आणून एकमेकांना जोडायची. पण खऱ्या लाइनवर बोलण्याचा ताल टेलिफोन कंपनी धरते. खोलीत कंपनी नाही, म्हणून एका मशीनला सांगावं लागतं की बाबा, तू कंपनी हो आणि ताल धर. या ताल धरण्याला आमच्यात ‘क्लॉक देणे’ म्हणतात. ही वस्तू नव्हे. मशीनला कीबोर्डावरून दिलेला एका ओळीचा हुकूम आहे. हे लक्षात ठेवा, पुढे काही माणसांना हे ठाऊक नव्हतं.

साक्रीच्या पुढे, डोंगराकडेच्या एका गावात एका सहकारी बँकेची शाखा होती. नावं कशाला घ्यायची, माणसं भली होती. बँकेने ठरवलं होतं की सगळ्या शाखा एकमेकींना जोडायच्या, आणि जी जोडली जाणार नाही ती साक्रीच्या शाखेत मिसळून टाकायची. शनिवारी चेअरमन स्वतः येऊन बघणार होते. इथली लाइन महिनोन् महिने सुरू होत नव्हती. लाइनवाल्यांचं म्हणणं, लाइन आम्ही शाखेपर्यंत आणून ठेवलीय, कार्ड चालू असल्याचा दाखला द्या, मग पुढचं बघतो. आणि आमच्या नाशिकच्या ऑफिसचं म्हणणं, दाखल्यावर कोणत्या लाइनवर तपासलं ते लिहावं लागतं, लाइन नसेल तर दाखला निघत नाही. म्हणजे लाइनीसाठी दाखला आणि दाखल्यासाठी लाइन. हे पत्रव्यवहार करणारी सगळी माणसं शिकलेली होती, पगार घेत होती.

शाखेसमोरच्या खांबावर काळ्या वायरीचं एक भेंडोळं लटकत होतं. ‘शाखेपर्यंत आणलेली लाइन’ ती हीच, असं सगळे समजून होते, आणि मीही तेच समजले. ते केबल टीव्हीचं होतं.

मी पोचले तो नेमका आठवडे बाजाराचा दिवस. शाखेत पाय ठेवायला जागा नाही. पंधराशेची नोट मोडल्यासारखा चेहरा करून शाखाधिकारी देवरेसाहेब काउंटरमागे बसलेले. पंधराशेची नोट नसते, माहितीये मला, पण चेहरा तसाच होता. दारात शिपाई हिरामणनाना, जाड भिंगाचा चष्मा, वयाने माझ्या वडलांएवढे. मी त्यांना म्हटलं, "नाना, साहेबांना सांगा, लूप बसवायला बाई आल्यात. पाच मिनिटांचं काम आहे. एक टेबल, थोडा उजेड आणि जरा शांतता पाहिजे."

आता ज्यांचं वय साठच्या पुढे आहे त्यांना हसू आलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. आपल्याकडे कुटुंबनियोजनाची जी तांबी बसवतात, तिला जुनी माणसं लूप म्हणतात. गावागावातून लूपची शिबिरं व्हायची. हातात बॅग घेऊन एकटी बाई गावात आली आणि लूप बसवायचा म्हणाली, तर खेड्यात त्याचा दुसरा अर्थच होत नाही. हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं की नाही? पण मी दिवसभरात तो शब्द इतक्यांदा बोलायची, की तो दुसऱ्या कोणाचा असू शकतो हे डोक्यातच यायचं नाही.

देवरेसाहेब तर वाट बघत होते ‘इंजिनिअरसाहेबांची’. त्यांनी हिरामणनानांचा निरोप ऐकला आणि वर न बघता सांगितलं, मागची रेकॉर्डची खोली द्या त्यांना, आज बाजार आहे, बायका येतील. मला वाटलं, काय समजूतदार माणूस आहे. नानांनी खोली झाडली. टेबलावर चादर अंथरली. खिडकीला कोणाचं तरी जुनं लुगडं बांधलं. मी म्हटलं उजेड हवा, तर म्हणाले, उजेडाचं बघतो पण आडोसा पाहिजे ना ताई. मग स्टोव्हवर पातेलंभर पाणी उकळायला ठेवलं. मला वाटलं चहा. इतका मोठा चहा कशाला, असं मनात आलं, पण गावाकडचा पाहुणचार म्हणून गप्प बसले.

मशीन कुठंय विचारायला दार उघडलं, तर बाहेर बाकावर बायका ओळीने बसलेल्या. सगळ्यात पुढे मंजुळाअक्का. सत्तरीच्या, कपाळावर गोंदण, कमरेला पिशवी, पिशवीत पासबुक. माझ्याकडे खालून वर बघत म्हणाल्या, "बाई, माले आते काय करनं शे लूप? पन मी या पोरीस्ना संगे उनू." म्हणजे स्वतःला नको होता, सोबतीला आल्या होत्या. दोन तरुण सुना मागे पदराआड हसत होत्या.

मला अजून उमगलं नव्हतं. मी म्हटलं, अक्का, मशीनला बसवायचाय. आणि पर्समधून हा प्लग काढून दाखवला. अक्कांनी तो तळहातावर घेतला, उजेडात धरला, आतल्या तारा बघितल्या.

"हाई ते तांबीच शे," त्या बायकांकडे वळून म्हणाल्या.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लुगडं, चादर, उकळतं पाणी, सगळं एकदम. कर्म माझं! मी कपाळाला हात लावला, आणि नेमके तेव्हाच देवरेसाहेब आत डोकावून म्हणाले, की मॅडम, काही औषधं लागली तर उपकेंद्रातून मागवतो. मी तशी तापट आहे. त्यांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. माणूस पार गोरामोरा झाला. पुढचे तीन दिवस त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. पाण्याचा मात्र शेवटी चहा झाला आणि बाकावरच्या सगळ्या बायकांना मिळाला.

चहा घेऊन बायका उठून जातील असं वाटलं होतं. कसल्या जातायत! मशीनला लूप बसतो म्हणजे काय, हे बघायला सगळ्या आत. मी मशीन चालू केलं, कार्डात प्लग बसवला, लॅपटॉप जोडला. थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला. देवरेसाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. हिरामणनानांनी खिशातून उदबत्ती काढली. लाइन आली, लाइन आली असं बाहेर बाजारापर्यंत गेलं. मला ओरडून सांगावं लागलं, की लाइन नाही आली, हे मशीन नुसतं स्वतःशीच बोलतंय, म्हणजे त्याचं तोंड-कान ठीक आहेत, एवढंच.

अक्कांना ते एका दमात कळलं. त्यांच्या धाकट्या जावेचं असंच होतं म्हणे. एकटीच बोलते, एकटीच हं म्हणते, आणि तब्येतीने एकदम ठणठणीत आहे. मी म्हटलं, अगदी तेच.

देवरेसाहेबांना मात्र त्या हिरव्या दिव्याचा मोह पडला. भिंतीकडे तोंड करून मला म्हणाले, मॅडम, शनिवारपर्यंत हा प्लग इथेच राहू दिला तर? चेअरमनसाहेब दिवा बघतील, पुढचं कोण विचारतंय. मी साफ नाही म्हटलं. म्हटलं, दिवा लागेल पण कामकाज कसं कराल? उत्तर दिलं ते अक्कांनी.

"बँक साक्रीले गई म्हंजे मनं पासबुक पोर्‍याना खिसामा गयं," त्या म्हणाल्या. "आठे मी मना पायवर येस."

गुडघ्यांमुळे अक्कांना गाडीचा प्रवास झेपत नव्हता. शाखा इथे होती म्हणून त्या बाजाराच्या दिवशी स्वतः यायच्या, स्वतःचा अंगठा द्यायच्या, स्वतःच्या पैशाने नातवंडांना शेव-जिलबी न्यायच्या. मुलगा वाईट नव्हता हो. पण पासबुक त्याच्याकडे गेलं असतं, की चहापत्तीसाठीही त्याला विचारावं लागलं असतं. बाकावरच्या निम्म्या बायकांचं तेच होतं. मला आत कुठेतरी लागलं ते. माझ्या आईचं केळीच्या पैशाचं खातं शेवटपर्यंत भावाच्या खिशात होतं, आणि आम्ही कोणी त्याबद्दल कधी बोललो नाही. मी ठरवलं, ही शाखा साक्रीला जाऊ द्यायची नाही.

मी लाइनवाल्यांच्या धुळ्याच्या ऑफिसात फोन लावला आणि म्हटलं, लूप लावून बघितलं, कार्ड उत्तम आहे. पलीकडचे अधिकारी शांत माणूस. म्हणाले, बाई, स्वतः बोलायचं, स्वतः ऐकायचं आणि स्वतःच दाखला द्यायचा, हे कसं चालेल? दोन मशीनं समोरासमोर लावून दाखवा, शनिवारी आमचा माणूस बघायला येईल. मला राग आला, पण त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

दुसरं मशीन बँकेच्या धुळ्याच्या कचेरीत पडून होतं. फोनवरून देवरेसाहेबांनी ते मागवलं. मी शेजारी उभी राहून सांगत होते, की त्यांना म्हणावं मशीन चांगलं बघून द्या, एका बाजूने क्लॉक द्यावा लागणार आहे. देवरेसाहेबांनी जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हिरामणनाना धुळ्याहून परतले. पायाशी मशीनचं खोकं, आणि अख्खा प्रवास मांडीवर जपून आणलेलं एक भिंतीवरचं घड्याळ. नवं कोरं, सेल घातलेलं, चालू. कचेरीने बाजारातून खास घेऊन दिलेलं.

मी विचारलं, नाना, हे काय? तर म्हणाले, क्लॉक. एका बाजूने द्यायचंय ना?

हसावं की रडावं कळेना. समजावून सांगायला बसले, तर नानांचा चेहरा उतरला. सबंध रस्ताभर माणसांच्या धक्क्यातून काच सांभाळत आणलं होतं त्यांनी. मग मी म्हटलं, बरं झालं आणलंत, असू द्या.

जोडायची वायर मी तिथेच बसून केली, पुन्हा पहिली चौथीला आणि दुसरी पाचवीला. पण टेबल एकच. देवरेसाहेब म्हणाले, दुसरं मशीन कपाटात ठेवा, उघड्यावर दोन दोन दिसली तर शनिवारी नसते प्रश्न येतील. लोखंडी कपाटात फायलींच्या वरच्या फळीवर ते ठेवलं, वायर मागच्या भोकातून आणली. मशीनला नाव द्यावं लागतं. टेबलावरच्याला गावाचं नाव दिलं आणि कपाटातल्याला ‘साक्री’. अक्का होत्याच. त्यांना सांगितलं, हे आपलं गाव, ती साक्री, आता गावाने हाक मारली की साक्री ओ देईल. मी हाक मारण्याचा हुकूम दिला, पडद्यावर पाच उद्गारचिन्हं उमटली, म्हणजे पाचही हाकांना ओ आली. कपाटात हिरवा दिवा, टेबलावर हिरवा दिवा. अक्कांची थोरली लेक साक्रीला दिलेली. त्या कपाटाजवळ जाऊन म्हणाल्या, मग तिला निरोप सांग की बाजरी पाठवतेय. मी म्हटलं, अक्का, ही साक्री खोटी आहे. अक्का म्हणाल्या, माहीत शे, पण सांगायला काय जातंय.

हाक मारण्याआधी ताल साक्रीकडून द्यावा लागला होता. मी कीबोर्डावर तसा हुकूम टाइप करता करता बोलून गेले होते, की आता साक्रीच्या बाजूने क्लॉक देते. संध्याकाळी निघताना कपाटाचं दार लावायला गेले, तर आत फळीवर, मशीनला टेकवून, ते घड्याळ ठेवलेलं. नानांनी ठेवलं होतं. मी ते तिथेच राहू दिलं. दार लावलं.

शनिवार उजाडला. लाइनवाल्यांचा माणूस यायच्या आत चेअरमन आले. कांतिलालशेठ. मूळचे राजस्थानकडचे, पण कापसाच्या व्यापारात तीन पिढ्या इकडेच गेलेल्या. पांढरा सफारी, बोलणं कमी, नजर मात्र सगळीकडे. शाखेबाहेर बठ्ठा म्हणजे सगळा गाव. पुढे अक्का आणि त्यांच्या मैतरणी, पासबुकं हातात धरून, जणू ती दाखवली की निकाल बदलणार होता. मी कोपऱ्यात उभी. देवरेसाहेबांना मी सकाळीच बजावलं होतं, की ही नुसती तपासणी आहे असं आधी सांगा. त्यांनी मान डोलावली होती. पण शेठना बघून त्यांची बोबडी वळली.

"शाखा जोडली गेलीय," ते म्हणाले. "ही बघा, साक्री."

पडद्यावर खरंच ‘साक्री’ लिहिलेलं होतं. हाक मारली, पाच उद्गारचिन्हं आली. शेठ खूश झाले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, वा, मग साक्रीला विचारा बरं, आज तिथे कापसाची आवक कशी आहे.

देवरेसाहेबांचा हात कीबोर्डावर तसाच राहिला. कपाट ओ देतं, कापसाची आवक सांगत नाही. मी पुढे सरकले, आता खरं बोलून टाकावं म्हणून. पण अक्कांना वाटलं, साहेबांना विचारायचं कुठे ते सुचत नाहीये. त्या मदतीला धावल्या.

"विचारा ना साहेब," त्या म्हणाल्या. "साक्री ते त्या कपाटामा शे."

शेठ उठले. स्वतः जाऊन कपाट उघडलं. आत फायली, त्यांच्यावर लुकलुकणारं मशीन आणि शेजारी टिकटिकणारं घड्याळ. शेठनी मनगटावरच्या घड्याळाशी कपाटातली वेळ ताडून बघितली.

"देवरे," ते म्हणाले, "साक्री इतकी जवळ कधी आली?"

मला वाटलं, संपलं, शाखा गेली. मी तडक बोलायला लागले. लूप, कार्ड, दाखला, लाइनीसाठी दाखला आणि दाखल्यासाठी लाइन, क्लॉक, सगळं एका श्वासात. शेठनी मध्ये तोडलं नाही. मी थांबल्यावर एवढंच विचारलं, की गावाकडचं मशीन ठीक, साक्रीकडचं मशीन ठीक, मग दोघांच्या मधलं कुठंय? सांगते तुम्हाला, इतक्या महिन्यांच्या पत्रव्यवहारात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही. मी खांबावरचं भेंडोळं बघून गप्प बसले होते, आणि मी तर या धंद्यातली.

शेठनी माझ्या फोनवरून धुळ्याच्या त्या शांत अधिकाऱ्यांना लावलं आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मी म्हटलं, साहेब, खांबावरची लाइन आत कधी घेताय? ते म्हणाले, खांब कसला? लोकल लूप पावसाळ्यातच आत बसवलाय, भिंतीवर डबी आहे. आमची माणसं गावात विचारत गेली, तुमच्या बाईंनीच जागा दाखवली, चहासुद्धा पाजला.

शाखेत एकही बाई कामाला नव्हती. देवरेसाहेब नानांकडे बघायला लागले, नाना देवरेसाहेबांकडे.

आता टेलिफोनवाल्यांच्या बोलीत, केंद्रापासून गिऱ्हाइकाच्या भिंतीपर्यंतच्या शेवटच्या वायरीला ‘लोकल लूप’ म्हणतात. मला हे माहीत असून त्या क्षणापर्यंत काहीही लक्षात आलं नव्हतं. आधी आलं ते अक्कांच्या.

"त्या लूपवाला माणसे?" त्या सावकाश म्हणाल्या. "त्यास्ले ते मीच नर्सबाईकडे धाडं."

सगळे त्यांच्याकडे वळले. अक्का जरा मागे सरल्या, पदर सारखा केला, पण नमल्या नाहीत. पावसात भिजत दोन माणसं आली, लूप कुठे बसवायचा विचारायला लागली.

"त्या लूप म्हनेत," अक्का म्हणाल्या. "मंग मी कोठे धाडू?"

शेठ हसायला लागले. आधी नुसतं पोट हललं, मग खुर्चीचा आधार घेतला, मग रुमाल काढला.

आम्ही वरात निघाल्यासारखे आरोग्य उपकेंद्राकडे निघालो. शेठ, देवरेसाहेब, नाना, मी, अक्का, मागे अर्धा गाव. नर्सबाई लसींचा डबा लावत होत्या. लसीकरणाच्या तक्त्याखाली, भिंतीवर, बँकेची डबी. वायर व्यवस्थित गुंडाळून वर क्रोशाचा रुमाल टाकलेला, आणि बाजूच्या खिळ्याला छत्री. नर्सबाई म्हणाल्या, मी तेव्हाच वर विचारलं होतं की हा कोणता नवीन लूप आणि तो कोणाला बसवायचा. वरून उत्तर आलं, पुढील सूचना येईपर्यंत जपून ठेवा. त्यांनी जपून ठेवला होता. आठवड्याला रुमाल धुवायच्या.

माझ्या पर्समधला लूप, टेलिफोनवाल्यांचा लूप आणि नर्सबाईंचा लूप, तिघांची गाठ त्या दिवशी त्या भिंतीपाशी पडली. मी हसत हसत रडत होते, की उलटं, आठवत नाही. शेठनी तिथेच देवरेसाहेबांना सांगितलं, शाखा राहील, पण ते घड्याळ बाहेर काढून भिंतीला लावा, बँकेच्या पैशाचं आहे.

लाइनवाल्यांचा माणूस दुपारी पोचला, खजील चेहऱ्याने. उपकेंद्रापासून शाखेपर्यंत वायर ओढायला त्याला थोडा वेळ लागला. मी कपाटातलं मशीन बंद केलं, वायर काढली, आणि खऱ्या लाइनचं टोक कार्डात बसवलं. दिवा काही क्षण विझलेला राहिला. मग लागला.

आता त्या गावातही हातोहाती मोबाइल आहेत, लूप बसवायला मला कोणी बोलावत नाही, आणि दुर्दैवाने पुष्कळ अक्कांचं पासबुक मोबाइलमधून पोरांच्या खिशात गेलंच. त्याला माझ्याकडे प्लग नाही. पण त्या शनिवारी मंजुळाअक्का काउंटरवर गेल्या, स्वतः अंगठा दिला, स्वतःच्या खात्यातले पैसे घेतले. जाताना मशीनपाशी थांबल्या, हिरव्या दिव्याकडे संशयाने बघितलं.

"हाई एकलंच बोली र्‍हायनं, का कोनी आयकस बी?"

मी म्हटलं, अक्का, आता साक्री ऐकतेय.

"खरी," त्यांनी विचारलं, "का कपाटामानी?"

मी खरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मग पर्स खाली ठेवून आधी कपाट उघडून बघून आले.